मातीवरची खूण

"अहो... छत्री!"

धाकटीने हाक मारली ती खरोखरच छत्रीला, कारण छत्रीखालचा माणूस तिला दिसतच नव्हता. टेनिस कोर्टाच्या बेसलाइनमागची, कोपऱ्यातली खुर्ची तिने सकाळी लवकर येऊन धरली होती. तिथून सगळं कोर्ट सरळ दिसतं, चेंडू कुठे पडला ते नीट कळतं. आणि सामना सुरू होणार, तेवढ्यात कोणीतरी बरोबर पुढच्या खुर्चीत येऊन भली मोठी काळी छत्री उघडली होती. अर्धं कोर्ट गायब!

छत्री हळूच वळली. खालून एक चेहरा वर आला. उन्हाने लालबुंद झालेलं नाक, त्यावर पांढऱ्या मलमाचा पट्टा, आणि मलमाच्या वर दोन हसरे डोळे.

"मला बोलावलंत?"

"तुम्हाला नाही, छत्रीला. ती मिटली तर बरं होईल."

"ती मिटली तर मी भाजून निघेन हो."

"मग मागे बसा."

"मागे... कुठे?"

मागे एकच खुर्ची मोकळी होती, तिच्या शेजारची. तीसुद्धा मोकळी कसली, तिच्यावर धाकटीची पिशवी, पाण्याची बाटली आणि अर्धवट खाल्लेलं केळं यांचा संसार मांडलेला. तिने नाइलाजाने तो आवरला. तो येऊन बसला आणि छत्री दोघांच्या मध्ये धरली.

"अर्धी सावली तुमची," तो म्हणाला. "भाडं नाही."

धाकटीला हसू आलं. ते तिने बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळून टाकलं.

धाकटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादा टेनिस खेळायचा आणि धाकटी त्याचे आकडे काढायची. कुठला चेंडू कुठे पडला, कोणी कुठल्या कोपऱ्यात सर्व्ह केली, रॅली किती लांबली, पॉइंट कोणाच्या चुकीने गेला... एकेक गोष्ट टॅबवर टिपायची आणि मग त्या ढिगातून दादाच्या कामाचं काय ते वेचायचं. इतकी वर्षं ती हे घरबसल्या व्हिडिओ बघून करत आली होती. या स्पर्धेला मात्र ती हट्टाने स्वतः आली, कारण दादाची ही शेवटची स्पर्धा होती. गुडघ्याने हात टेकले होते. आणि दादाच्या मनात एकच सल राहिला होता: लाल मातीच्या कोर्टावर तो मुंगसाला एकदाही हरवू शकला नव्हता.

मुंगूस हे अर्थातच टोपणनाव. बुटका, चपळ, कुठलाही चेंडू सोडायचा नाही. दादा ताडमाड उंच, म्हणून त्याला सगळे शिडी म्हणत. शिडी आणि मुंगूस यांचं वैर इतकं जुनं होतं की दोघांच्या डोक्यावरचे केस त्याच काळात विरळ झाले.

पण पहिल्या दिवशी कोर्टावर दुसरेच दोघे होते. एकाने चेंडू नेटमध्ये मारला. धाकटीने टॅबवर बोट टेकवलं. शेजारीही एक टॅब निघाला होता, त्यावरही बोट टेकलं. तिने तिरक्या नजरेने पाहिलं आणि तिला राहवेना.

"ती त्याची स्वतःची चूक होती. तुम्ही 'करायला लावलेली चूक' म्हणून काय टिपताय?"

"लावलेलीच होती. समोरच्याने बिचाऱ्याला किती पळवला ते पाहिलंत ना?"

"पण चेंडूपर्यंत पोहोचला होता. पोहोचल्यावर चुकला तर ती आपली चूक."

"फार कडक हो तुम्ही," तो म्हणाला. "तुमच्या हातून चूक झाली की सुटका नाही म्हणजे."

"करून बघा," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून टॅबमध्ये तोंड खुपसून बसली.

त्याच सामन्यात अजून एक गोष्ट घडली. एक चेंडू रेषेजवळ पडला, रेषेवरच्या पंचाने बाहेर म्हणून ओरडा केला. मातीच्या कोर्टाचा एक गुण आहे, चेंडू पडला की खूण उमटते. मुख्य पंच ती बघायला खाली उतरू लागला. पण त्याआधीच ज्याचा फायदा होणार होता तो खेळाडू स्वतः खुणेपाशी गेला, वाकून पाहिलं, आणि बुटाने ती पुसून टाकली. खूण पुसली म्हणजे मान्य. चेंडू आत होता, वाद संपला.

"मला हे फार आवडतं," छत्रीवाला हळूच म्हणाला.

धाकटीलाही नेमकं तेच आवडायचं. हे ती आजवर कोणाशी बोलली नव्हती. बोलणार कोणाशी?

दुसऱ्या दिवशी तिने शेजारची खुर्ची धरून ठेवली. पिशवी ठेवली ती केवळ पिशवीची सोय म्हणून, असं तिने स्वतःला बजावलं. तो आला तेव्हा त्याच्या हातात दोन कागदी कप होते.

"ओळखपाळख करून घ्यायची का?" त्याने विचारलं.

"नको. नाव-गाव-कामधंदा सुरू झाला की खेळ बाजूला राहतो."

"मंजूर. मी तुम्हाला शिकाऊ पंच समजतो."

"आणि मी तुम्हाला वर्तमानपत्रवाले."

दोघांनाही आपापला अंदाज बरोबर वाटत होता. मग त्यांनी एक खेळ काढला. पुढची सर्व्ह कुठे पडणार ते आधी सांगायचं, चुकेल त्याने पुढची कॉफी आणायची. दोन दिवस धाकटीच जिन्यावरून वर-खाली करत राहिली. त्याचे अंदाज जरा जास्तच बरोबर यायचे. आणि बरोबर आला की तो काही न बोलता नुसता भुवई उडवायचा. ती भुवई धाकटीला संध्याकाळी खोलीवर गेल्यावरही आठवायची, अगदी दादाच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसलेली असतानासुद्धा.

उपांत्य सामन्यांच्या दिवशी सकाळी दादा खेळत होता. धाकटी चेहरा कोरा ठेवून बसली होती. छत्रीवाल्याची चिडवाचिडवी चालूच होती. दोन अंदाज चुकले, तिसरा चुकला. तिला हरायचा कंटाळा आला.

"आता ड्रॉप शॉट," ती म्हणाली.

"शिडी आणि ड्रॉप शॉट? इतक्या मागून?"

चेंडू नेटवरून अलगद पलीकडे टपकला आणि तिथेच मेला. छत्रीवाला तिच्याकडे बघतच राहिला. चेष्टा नाही, भुवई नाही... नुसतं कौतुक. असं कौतुकाने बघणाऱ्या माणसासमोर भल्याभल्यांची जीभ सैल होते, आपली धाकटी तर आधीच विरघळलेली.

"कसं कळलं तुम्हाला?"

"तो दमला ना, आणि मनात ड्रॉप शॉट असला, की आधी बोटांनी रॅकेटच्या तारा सरळ करतो. त्याचं त्यालाही माहीत नाही."

दुपारी मुंगूस खेळायला उतरला. आता परतफेड करायची पाळी छत्रीवाल्याची होती.

"बाहेरच्या कोपऱ्यात," तो म्हणाला. सर्व्ह बाहेरच्या कोपऱ्यात. "पुन्हा तिथेच." पुन्हा तिथेच.

"हे कसं?" धाकटीने विचारलं. तिचेही डोळे तसेच मोठे झाले असणार, कारण तो एकदम लाजला.

"सकाळी तुम्ही सांगितलंत, म्हणून मी सांगतो. उजवी बाही वर ओढली की सर्व्ह बाहेरच्या कोपऱ्यात. इतरांना नाही दिसत. मला सगळा हंगाम लागला शोधायला."

दोघेही जिंकले, म्हणजे अंतिम सामना शिडी आणि मुंगूस यांचाच. संध्याकाळी फाटकापाशी गर्दी होती. दादा लंगडत आला आणि नेहमीप्रमाणे किटची बॅग त्याने धाकटीच्या खांद्यावर अडकवली. "चल गं, आता सुटलो," तो म्हणाला. त्याच वेळी समोरून मुंगूस आला. त्याने आपली बॅग कोणाच्या तरी हातात दिली. त्या हातात आधीच एक मिटलेली काळी छत्री होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मध्ये माणसं येत-जात होती. धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. वर्तमानपत्रवाला कसला... हा तर मुंगसाचा आकडेवाला! आणि आपण याला दादाच्या तारांचं गुपित सांगून बसलो, आपणहून, हौसेने, एका नजरेसाठी!

त्याचाही चेहरा मलमाच्या पट्ट्याइतका पांढरा पडला होता. तो काही बोलणार, एवढ्यात मुंगसाने त्याला ओढत नेलं.

त्या संध्याकाळी दादाने पाय उशीवर ठेवून विचारलं, "बोला बाईसाहेब, उद्या काय करायचं?"

धाकटीने आकडे मांडले. रॅली लांबली की पॉइंट मुंगसाचा, चार-पाच फटक्यांत संपली तर दादाचा. म्हणजे लांबवायची नाही. त्याच्या डाव्या अंगाला चेंडू उंच ठेवायचा. माती ओली असेल तर चेंडू खाली राहतो, तेव्हा वाकायची तयारी ठेवायची. सगळं सांगून झालं. बाही जिभेवर आली... आणि तिथेच अडली.

"अजून काही?"

"नाही."

दादाने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्याने दिवा मालवायला सांगितलं. धाकटी आपल्या खोलीत येऊन पलंगावर बसून राहिली. बाही सांगितली तर दादा कदाचित जिंकेल. आयुष्यात एकदाच, शेवटचं. नाही सांगितली आणि हरला, तर ती स्वतःला माफ करणार नाही. पण सांगितली, तर ज्याने भाबडेपणाने विश्वास टाकला त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि तो तरी काय करत असेल आत्ता? मुंगसाला तारांचं सांगत असेल का? त्याचं कामच ते. या विचाराने तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

अंतिम सामन्याला तिची शेजारची खुर्ची रिकामी होती. छत्रीवाला समोरच्या बाजूला, मुंगसाच्या माणसांत बसला होता. छत्री न उघडता.

पहिला सेट मुंगसाने धुऊन नेला. बाही वर, सर्व्ह बाहेर. बाही वर, सर्व्ह बाहेर. दादा धावायचा, रॅकेट लांब करायचा आणि चेंडू पुढून निघून जायचा. धाकटी एकेक टिंब टॅबवर टिपत होती. दुसऱ्या सेटमध्ये दादाने कसाबसा तग धरला. बरोबरी चालली होती. तेवढ्यात टॅबच्या काचेवर एक थेंब पडला.

मग दुसरा. मग सरसरून सरच आली. कामगारांनी धावत जाऊन कोर्टावर ताडपत्री ओढली, खेळाडू आत गेले, प्रेक्षक जिन्याखाली पळाले. धाकटी जागची हलली नाही. तिला भिजायचंच होतं.

पाऊस एकाएकी तिच्यापुरता थांबला. वर काळी छत्री होती.

"अर्धी तुमची," तो म्हणाला. आवाज बसलेला. "भाडं... नाही."

छत्रीवर थेंबांचा ताशा चालला होता. त्याची डावी बाजू भिजत होती, ते तिला दिसत होतं. बोलायचं नाही असं ठरवूनही तिने छत्रीचा दांडा त्याच्याकडे थोडा ढकलला.

"सांगितलंत का तुमच्या दादाला?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"नाही."

"खरं?"

"रात्रभर तोंड शिवून बसलो. पगार घेतो मी त्याचा. आज सकाळी त्याच्या डोळ्याला डोळा देववेना." तो थांबला. "पण तुम्ही सांगा. आत्ता जा आणि सांगा. तुमच्या दादाचा शेवटचा सामना आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. बाहीचं मी बोललो, चूक माझी."

"मग तारांचं मी बोलले, ती चूक कोणाची?"

"तुमची स्वतःची." पहिल्यांदाच तो किंचित हसला. "पोहोचल्यावर चुकलात."

"मुळीच नाही. करायला लावलेली होती. असं बघत होतात तुम्ही!"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. त्यालाही कळलं. त्याचं नाक उन्हाशिवायच लाल झालं. धाकटीने टॅबवरचं पाणी रुमालाने पुसलं.

"दोघं सांगू या," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्याला, मी माझ्याला. कोणी कोणाला फसवल्यासारखं नको राहायला."

"आणि नंतर? मला नोकरीवरून काढलं, तुम्हाला घरातून..."

"नंतरचं नंतर."

ती जिना उतरून खेळाडूंच्या खोलीपाशी गेली. दादा बाकावर पाय पसरून बसला होता. तिने दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. छत्री, कॉफी, तारा, बाही. शेवटी म्हणाली, "आणि दादा... मला तो आवडतो. आता ओरड हवं तेवढं."

दादाचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय की काय. तो हसत होता! इतका, की त्याने गुडघा धरला.

"बाही? अगं वेडाबाई, ती बाही मी पंधरा वर्षं बघतोय!"

"काय? मग... मग सर्व्ह परतवत का नाहीस?"

"कळणं वेगळं, पोहोचणं वेगळं. हा गुडघा काय तुझ्या टॅबला विचारून धावतो?"

"आणि तारा?"

"त्या त्याला ठाऊक आहेत. त्याला ठाऊक आहेत ते मला ठाऊक आहे. अगं, इतकी वर्षं आम्ही एकमेकांकडेच तर बघतोय. तुझ्या वहिनीला माझं जेवढं माहीत नसेल तेवढं त्या मुंगसाला माहीत आहे." त्याने डोळे पुसले. "आणि तुझं ते छत्रीप्रकरण मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. सगळं स्टेडियम उन्हात आणि माझी बहीण तेवढी सावलीत! न दिसायला काय झालं?"

धाकटीने ओला रुमाल त्याच्या अंगावर फेकला. तिच्या मनावरचा दगड उतरला, पण त्याला घरंगळत जायला जागा हवी म्हणून की काय, तिला चक्क हुंदका आला. दादाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि पाऊस थांबलाय का बघायला सांगितलं.

पाऊस थांबला. माती ओली, चेंडू जड, रॅल्या आखूड. दादाने दुसरा सेट टायब्रेकमध्ये अगदी निसटता घेतला. तिसऱ्यात दोघांनी एकमेकांना सोडलं नाही, तो रेंगाळत गेला. शेजारची खुर्ची आता रिकामी नव्हती. छत्रीवाला तिथे येऊन बसला होता, उघड उघड, मुंगसाच्या माणसांसमोरून चालत. दोघं आपापल्या टॅबवर टिपत होती.

"तुमचा काय म्हणाला?" शेवटी तिने न राहवून विचारलं.

"म्हणाला, 'हे सांगायला तू पगार घेतोस?'"

मग दादाला सामना जिंकायला एक पॉइंट हवा होता. तो धापा टाकत होता. तो बेसलाइनमागे गेला, चेंडू मागून घेतला... आणि त्याने बोटांनी तारा सरळ केल्या. एक, मग दुसरी. अगदी सावकाश. नेटच्या पलीकडे मुंगूस बघत होता.

रॅली सुरू झाली. दादाने रॅकेट खाली घेतली, मनगट सैल केलं. मुंगूस विजेसारखा पुढे झेपावला. आणि दादाने चेंडू त्याच्या डोक्यावरून, लांब, पार मागच्या रेषेपाशी भिरकावला.

"आउट!" रेषेवरचा पंच ओरडला.

स्टेडियमभर हळहळ उमटली. मुख्य पंच खुर्चीवरून उतरू लागला. पण त्याच्याआधी मुंगूस वळून, चालत रेषेपाशी पोहोचला होता. तो वाकला. ओल्या मातीतली खूण त्याने नीट पाहिली. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला, दादाकडे बघून मान हलवली, आणि बुटाने ती खूण पुसून टाकली.

त्यानंतर नेटवर ते दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून किती वेळ उभे होते, ते धाकटीला सांगता येणार नाही. तिला काही दिसत नव्हतं. एक हात रुमाल पुढे करत होता, एवढंच कळलं.

गर्दी ओसरल्यावर ती दोघं आकडे जुळवत बसली. एकूण पॉइंट मुंगसाचे जास्त निघाले. जोरदार फटके त्याचे जास्त, चुका त्याच्या कमी. दोन्ही टॅब एकमुखाने सांगत होते की मुंगूस सरस खेळला.

"कागदावर बघाल तर तुमचा दादा हरला," छत्रीवाला म्हणाला.

"कागदावर बघतंय कोण?" धाकटी म्हणाली.

तो उठला. "जरा खाली येता? एक निर्णय राहिलाय."

कोर्टावर कोणी नव्हतं. कामगार जाळी ओढून माती सारखी करत दुसऱ्या टोकाला गेले होते. ओल्या मातीवर ऊन पडल्यामुळे तिचा वास येत होता. तो बेसलाइनपाशी थांबला, छत्रीच्या टोकाने मातीत एक लहानशी खूण उमटवली आणि तिच्याभोवती गोल काढला, पंच काढतात तसा. मग दोन पावलं मागे सरकला.

"मला... म्हणजे, मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "'छत्री' म्हणून ओरडलात तेव्हापासून. सुटी असो, काम असो, यापुढे मला तुमच्या शेजारच्याच खुर्चीत बसायचंय. मी आकडे खूप काढले, पण तुम्ही काय म्हणाल त्याचा अंदाज येत नाही. तेव्हा... आत की बाहेर, तुम्हीच बघून सांगा."

धाकटी खुणेपाशी गेली. मातीत बोटं टेकून वाकली. खूप निरखून पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. तिला माहीत होतं की मागे त्याचा जीव टांगणीला लागलाय, आणि तिला ते आवडतही होतं. मग ती सरळ झाली आणि बुटाने ती खूण, गोलासकट, पुसून टाकली.

तो नुसता बघत राहिला.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली. "पुसली ना मी?"

ते 'बघतोस' त्याच्या कानावर पडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुठल्याच टॅबवर टिपता आलं नसतं. त्याने पुढे येऊन तिचा हात धरला. तिच्या बोटांना लाल माती लागली होती, त्याच्याही लागली.

"धाकटे!" फाटकाकडून दादाची हाक आली. त्याच्या एका खांद्यावर बॅग होती आणि दुसऱ्या खांद्याला मुंगसाचा आधार. "भूक लागलीय आम्हाला! त्या छत्रीला पण घेऊन ये!"